पहिला माल कोणता?

जव्हार-मोखाड्यातून ऑनलाइन दुकान काढायचं म्हटलं, की सगळे वारली चित्राकडे बोट दाखवतात. चित्र हलकं, टिकाऊ, नावाजलेलं, भौगोलिक मानांकन मिळालेलं. पण छापील नकलांच्या गर्दीत हाताचं काम फोटोवरून ओळखायचं कसं? शिवाय भिंत एकदा सजली की गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. इथला मोगरा तर कुरिअरच्या प्रवासातच कोमेजेल. म्हणून माझं मत नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, सत्त्वाला. मोहरीएवढे तांबूस दाणे भिजवून फडक्यात बांधले की त्यांना पांढरे कोंब फुटतात. मग सुकवून, मंद भाजून दळायचं. घरात लहान मूल असलं की डबा संपतो आणि पुन्हा मागवावा लागतो. माझ्या लेखी खरी परीक्षा तीच: दुसरी ऑर्डर. ‘छान आहे’ म्हणणाऱ्यांची मोजदाद करू नये; आधी पैसे भरून परत मागवणारे मोजावेत.

बाजारात नाचणी सत्त्व ढिगानं आहे, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यातून मागणी आहे एवढं तरी सिद्ध होतं, आणि २०२३च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षानं ती शहरात आणखी वाढवली. कुरिअरचा खर्च मात्र खरोखर जाचतो. अर्ध्या किलोच्या पुडीला तो परवडत नसेल, तर दोन किलोचा संच घ्यायला लोक तयार आहेत का, हे वीस-पंचवीस घरांत आधी विकून पाहावं. अन्नपदार्थाची सरकारी नोंदणी त्याआधीच हवी. आणि इथल्या आषाढ-श्रावणात कोंब सुकत नाहीत, त्यांना बुरशी धरते. तेव्हा चाचणी दिवाळीनंतर, नवी नागली घरात आल्यावरच घ्यावी.