आमचा एक सल्ला आणि संगणकाचा वेग



या अंकात स्नेहसंमेलनाचा वृत्तांत आहे, गुणवंतांची यादी आहे, तेव्हा आम्हीही काही उत्साहाचे लिहावे अशी संपादन करणाऱ्या शिक्षकांची इच्छा होती. पण एक गोष्ट बरेच दिवस मनात आहे. ती आमच्या चुकीची आहे, आणि तशीच चूक आणखी काही घरांत होण्याचा संभव आहे, म्हणून तीच लिहितो.

२०२५ च्या दिवाळीआधीचे दिवस. आपल्या शाळेचे एक माजी विद्यार्थी, आता पालक, फ्रीगंजमध्ये झेरॉक्स आणि टायपिंगचे लहानसे दुकान चालवितात. दुकानात एकच संगणक. दिवसभर त्यावर अर्ज, शपथपत्रे, भाडेकरार टाइप होतात आणि संध्याकाळी सातनंतर त्यांचा अकरावीतला मुलगा त्यावर क्रिकेटचा गेम खेळतो. हे पालक फीच्या निमित्ताने आले होते. जाता जाता म्हणाले, "सर, मुलगा म्हणतो विंडोज जुने झाले म्हणून गेम अडकतो. पेपरातही आले आहे की विंडोज १० बंद होणार. ११ टाकून घेऊ का?"

आम्ही क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "घ्या टाकून. नवे आहे, वेगानेच चालेल."

बस, एवढेच. दोन वाक्ये. आम्ही संगणकाचे जाणकार नाही. विक्रम विद्यापीठातून हिंदी माध्यमात बी.एस्सी. केले, वर्षानुवर्षे भौतिकशास्त्र शिकविले. 'प्रचालन तंत्र' हा शब्द आम्ही पुस्तकातून शिकलो, त्याला मराठीत संचालन प्रणाली म्हणतात हे पुष्कळ नंतर कळले, आणि मुले तर नुसते 'विंडोज' म्हणून मोकळी होतात. पण प्राचार्यांच्या खुर्चीत बसून "आम्हाला माहीत नाही" म्हणणे जड जाते. समोरचा माणूस विश्वासाने विचारतो आणि आपण उत्तर देऊन टाकतो.

पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले. तक्रार करायला नव्हे. दोन-तीन दिवस शाळेचा स्कॅनर वापरू द्याल का, एवढेच विचारायला. शिष्यवृत्तीचे आणि परीक्षेचे अर्ज भरण्याचे दिवस होते. खोदून विचारले तेव्हा सारे बाहेर आले. एका मेकॅनिकने पैसे घेऊन विंडोज ११ बसवून दिले होते. त्या संगणकाचा प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या पिढीचा. विंडोज ११ ची अधिकृत अट, थोडे अपवाद सोडले, तर आठव्या पिढीपासून पुढची, आणि शिवाय सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी टीपीएम २.० चिप हवी. मेकॅनिकने ही अट चुकवून काम केले. रॅम ४ जीबी, म्हणजे अटीतली किमान, आणि डिस्क जुनी फिरती. संगणक सुरू व्हायलाच चहा पिऊन होईल इतका वेळ लागू लागला. जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर नव्या प्रणालीत चालेना. सर्वांत वाईट म्हणजे मेकॅनिकने सी ड्राइव्ह कोरा करून नव्याने बसविले होते. डेस्कटॉपवर ठेवलेले, कित्येक वर्षांत जमविलेले शपथपत्रांचे आणि करारांचे नमुने त्यात गेले. नुसते अपग्रेड केले असते तर दहा दिवसांच्या आत मागे फिरण्याची सोय विंडोजमध्येच असते, पण कोऱ्या डिस्कवर बसविल्यावर मागे फिरायचे कुठे?

आणि गेम? तो पूर्वीपेक्षा जास्त अडकू लागला.

त्यांनी आम्हाला एका शब्दाने दोष दिला नाही. आम्ही मेकॅनिकचे पैसे देऊ केले तर हात जोडून म्हणाले, "नाही सर, आपण काय मुद्दाम सांगितले होते का?" त्या रात्री आम्हाला नीट झोप लागली नाही.

मग आम्ही संगणकाच्या सरांना बोलावले, त्या मुलाला आणि त्याच्या तीन वर्गमित्रांनाही बोलावले, आणि शनिवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत बसलो. माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या संगणकांपैकी एक अटीत बसणारा होता. एकाच यंत्रावर आळीपाळीने दोन डिस्क लावल्या, एकीवर विंडोज १०, दुसरीवर ११. मग मुलांनी गेम खेळायचे आणि आम्ही वहीत आकडे लिहायचे. (शाळेच्या प्रयोगशाळेत गेम चालल्याचे कार्यकारिणीला नंतर कळविले. ते हसले, परवानगी मिळाली असे आम्ही धरून चाललो आहोत.)

आकडा कशाचा, तर पडद्यावर दर सेकंदाला किती चित्रे उमटतात त्याचा. विंडोजची कळ आणि 'जी' एकत्र दाबली की हा आकडा दाखविणारी खिडकी उघडता येते. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर प्रत्येक चित्र तयार करायला यंत्राच्या हाती जेमतेम १७ मिलिसेकंद असतात. तेवढ्यात प्रोसेसरने हिशेब करायचा, ग्राफिक्सने चित्र रंगवायचे, रॅमने सामान पुरवायचे. यातला जो सर्वांत मंद, त्याच्या चालीने सारे चालतात. गोलंदाजाच्या हातून चेंडू सुटताना एखादे चित्र उशिरा आले की गेमातली दांडी गुल.

आमच्या वहीत काय निघाले? एकाच प्रणालीवर तोच सामना तीनदा खेळविला तर तीन वेगळे आकडे आले, आणि १० व ११ मधला फरक या तीन आकड्यांच्या आपसातल्या फरकापेक्षा लहान होता. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. २००६ साली आलेला ईए स्पोर्ट्‌सचा 'क्रिकेट ०७', जो आजही आपल्याकडची मुले आवडीने खेळतात, त्याला तर काहीच फरक पडला नाही.

आपल्या गावच्या जंतरमंतरची आठवण झाली. सम्राट यंत्राची सावली तीन मुलांनी वाचली तर तीन वेळा थोड्या वेगळ्या येतात. ती उज्जैनची स्थानिक वेळ असते. घड्याळाशी जुळवायला साधारण २७ मिनिटे मिळवावी लागतात, शिवाय तारखेप्रमाणे कमीजास्त, आणि त्यासाठी तिथे कोष्टक आहे. १९२३ साली माधवराव शिंदे यांनी या वेधशाळेचा जीर्णोद्धार करविला आणि गो. स. आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले, तेव्हा काम दगडा-चुन्याचे होते. नुसते नवे कोष्टक टांगून सावली रेखीव होत नाही.

मुलांनी मात्र आमच्याशी वाद घातला, आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. प्रणालीमुळे फरक पडल्याची उदाहरणे आहेत. २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर डायरेक्टएक्स १२ आले आणि त्यासाठी लिहिलेल्या गेमना प्रोसेसरच्या अनेक गाभ्यांना काम वाटून देणे सोपे झाले. इंटेलच्या २०२१ च्या बाराव्या पिढीत मोठे आणि लहान असे दोन प्रकारचे गाभे आहेत, त्यांना काम वाटण्यात विंडोज ११ अधिक जाणते. पण उलटेही झाले आहे. २००७ च्या व्हिस्टावर सुरुवातीला कित्येक गेम एक्सपीपेक्षा हळू चालत, कारण ग्राफिक्सचे ड्रायव्हर कच्चे होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आले तेव्हा एएमडीच्या रायझन प्रोसेसरवर काही गेम मंदावले, ती चूक त्याच महिन्यात दुरुस्त झाली. विंडोज ११ मध्ये 'मेमरी इंटिग्रिटी' नावाचा एक पहारेकरी बऱ्याच नव्या यंत्रांवर आधीपासून चालू असतो. तो सुरक्षेचे काम करतो आणि त्याचा मोबदला थोड्या वेगात घेतो, हे मायक्रोसॉफ्टनेही मान्य केले आहे.

मग "नवे विंडोज टाकले आणि गेम पळू लागला" असे इतके लोक शपथेवर का सांगतात? आमच्या सरांनी याचे उत्तर दिले ते आम्हाला पटले. नवे टाकताना जुने पुसले जाते. संगणक सुरू होताच मागे चालू होणारे दहा निरुपयोगी प्रोग्राम जातात, ग्राफिक्सचा ताजा ड्रायव्हर येतो. दिवाळीत घर मोकळे वाटते ते रंगामुळे की अडगळ काढल्यामुळे? तेच विंडोज १० पुन्हा स्वच्छ बसविले असते तरी बहुतेक तसेच वाटले असते.

पुढच्या रविवारी दुकानातला संगणक उघडला. पंख्यावर आणि त्याखालच्या धातूच्या पट्ट्यांवर धुळीचा गालिचा होता. यंत्र तापले की प्रोसेसर स्वतःला वाचविण्यासाठी आपली चाल कमी करतो. आमच्या उज्जैनच्या मे महिन्यात, रस्त्यालगतच्या दुकानात, तो आणखी काय करणार? धूळ साफ केली, नवी पेस्ट लावली. रॅमची एकच पट्टी होती, शेजारी तशीच दुसरी लावली. या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, ग्राफिक्स रॅममधूनच उसने घेते, त्यामुळे दोन पट्ट्यांचा दुहेरी रस्ता झाल्याचा फायदा गेममध्ये डोळ्यांना दिसला. फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसविली, त्याने संगणक आणि गेम लवकर उघडू लागले, सामन्यातला वेग मात्र त्याने फारसा वाढत नाही. पट्टीचे आणि डिस्कचे पैसे आम्ही दिले, ते मात्र त्यांनी बऱ्याच आग्रहानंतर घेऊ दिले. मुलाच्या मनातला नवा भारी गेम अजूनही चालत नाही, त्याला ग्राफिक्स कार्डच लागेल.

राहिला प्रश्न विंडोजचा. इथे आमची खरी चूक होती, आम्ही दोन प्रश्नांचे एक उत्तर दिले होते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला हे खरेच, आणि ज्या यंत्रात गिऱ्हाइकांचे आधार कार्ड आणि सह्या आहेत ते सुरक्षेच्या दुरुस्त्यांवाचून इंटरनेटला जोडून ठेवणे बरे नाही. म्हणजे बदलायला कारण होते, फक्त ते वेगाचे नव्हते. १ जानेवारी २०२४ पासून स्टीमने विंडोज ७ आणि ८ सोडले, तसे कधी गेम चालावा एवढ्यासाठीही बदलावे लागते, पण तो वेग नव्हे. आम्ही त्या यंत्रावर विंडोज १० परत बसविले, कारण स्कॅनर त्यावरच चालतो, आणि १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव सुरक्षेची नोंदणी केली. तोपर्यंत दुसरा, अटीत बसणारा संगणक घ्यायचा असे ठरले. जुना इंटरनेट काढून फक्त स्कॅनरपुरता राहील.

गेलेले नमुने मात्र परत आले नाहीत. कागदावर जेवढ्या प्रती सापडल्या तेवढ्या घेऊन तो मुलगा आणि त्याचे मित्र शाळेच्या प्रयोगशाळेत पाच रविवार टाइप करीत बसले. आम्ही पोहे मागवीत असू आणि मजकूर तपासून देत असू. करारातले कायदेशीर हिंदी वाचताना आमची पदवी प्रथमच अशी कामी आली.

परवा शाळेच्या झेरॉक्सच्या कामाची पावती त्या दुकानातून आली. नमुना नवा आहे, मुलाने टाइप केलेला. त्यात 'प्राचार्य' ऐवजी 'प्रचार्य' असे छापले आहे. दुरुस्त करायला सांगावे असे रोज मनात येते आणि राहून जाते.