आधी लेकरू, मग गाठोडे

आमच्या चितेगावच्या बुद्ध विहारात रविवारची वंदना आटोपली की आम्ही बायका घटकाभर बसतो. मागच्या महिन्यात अशाच बसलो असताना आमच्या वस्तीतली एक सून जवळ सरकून म्हणाली, "मावशी, तुम्ही नातीला घेऊन विमानानं एकट्याच दिल्लीला गेला होता ना? मला दिवाळीच्या सुट्टीत बेंगळुरूला जायचंय, ह्यांच्याकडं. पोरगा दीड वर्षाचा. सोबत कुणीच नाही. विमानाची भीती नाही वाटत, पण सामान आन् पोरगं दोन्ही कसं सांभाळू?"

तिने नेमके दुखण्यावर बोट ठेवले. विमान आपले आपण उडते. पण तान्ह्या लेकराची आई किंवा आजी एकटी निघाली, की तिची परीक्षा सामानच घेते. मी तिला माझी फजिती सांगितली. ती ऐकून बाकीच्या म्हणाल्या, "हे लिहून द्या, सगळ्यांच्याच कामाला येईल." म्हणून हा लेखप्रपंच.

चितेगाव म्हणजे पैठण रस्त्यावरचे गाव. कारखाने आले, तशी कामधंद्यासाठी माणसे आली, वस्ती वाढली. एका पिढीने पाळ्या करून मुले शिकवली. ती मुले आता पुणे, बेंगळुरू, हैदराबाद, दिल्लीला नोकरीला आहेत. ज्या फाट्यावर आम्ही एसटीला हात करत असू, त्याच फाट्यावरून आता लेकीसुना चिकलठाणा विमानतळाची रिक्षा ठरवतात. ही प्रगती पाहून ऊर भरून येतो. मात्र गाठोडे बांधण्याची आपली रीत अजून एसटीचीच आहे!

माझी लेक आणि जावई दिल्लीला असतात. अडीच वर्षांची नात एप्रिलपासून माझ्याकडे राहिली होती. मे महिन्याच्या शेवटी तिला पोहोचवायचे होते. मी कार्यालयातून सहा दिवसांची रजा काढली. पूर्वी मी सचखंड एक्सप्रेसने दिल्लीला गेले आहे. पण त्या उन्हात लेकराला घेऊन एवढा लांबचा रेल्वे प्रवास नको, म्हणून लेकीने विमानाची तिकिटे पाठवली. माझ्या आयुष्यातला हा पहिला विमानप्रवास.

मी सामान बांधायला घेतले. ज्वारीचे पीठ, शेंगदाण्याची चटणी, कुरडया, पापड, कैरीचे लोणचे, खोबऱ्याच्या वाट्या, नातीसाठी शिवलेली गोधडी, तिचे कपडे, खेळणी आणि माझ्या चार साड्या. मोठी बॅग भरली, पाठीवरची सॅक भरली, एक कापडी पिशवी भरली, शिवाय खांद्याला पर्स. भावाने मोठी बॅग पिठाच्या गिरणीतल्या काट्यावर ठेवली. तेवीस किलो भरली. माझ्या तिकिटावर पंधरा किलो होते. दोन वर्षे पूर्ण झाल्यामुळे नातीचेही वेगळे तिकीट होते आणि त्यावर आणखी पंधरा. एकूण तीस! मी बी.कॉम. झालेली बाई, जमाखर्च जुळला म्हणून खूश झाले. पण एक हिशेब मांडायचा राहिला. नग चार, लेकरू एक आणि हात मात्र दोनच.

विमानतळाच्या दारात पहिला धक्का बसला. तिकीट नसलेल्याला आत सोडत नाहीत, त्यामुळे भाऊ बाहेरच थांबला. एसटीत जसे घरचे लोक चढून बाकावर सामान लावून देतात, तसे येथे नाही. त्या दारापासून पुढे आपण आणि आपले लेकरू.

काउंटरवर मोठी बॅग घेतली. पण खोबऱ्याच्या वाट्या काढायला लावल्या. सुक्या खोबऱ्यात तेल असते, ते तापून पेट घेण्याचा धोका असतो, म्हणून ते विमानात चालत नाही. हे मला ठाऊक नव्हते. मागे माणसे खोळंबलेली, मी बॅगेत हात घालून वाट्या शोधते आहे आणि नात माझ्या पदराला लोंबकळते आहे!

पुढे तपासणी. प्रत्येक नग वेगळ्या ट्रेमध्ये ठेवायचा. नातीची कापडी बाहुली यंत्रात गेली, तशी तिने भोकाड पसरले. बायकांची तपासणी आडोशाला महिला जवान करतात. नातीला कडेवर घेऊन मी ती करून घेतली. बाहेर आले तर माझे तीन नग पट्ट्याच्या टोकाशी इतरांच्या सामानात मिसळलेले. ते गोळा करीपर्यंत घामाने भिजले. विमानात बसल्यावर नातीने पाणी सांडले. कोरडा फ्रॉक सॅकमध्ये, सॅक डोक्यावरच्या कप्प्यात आणि पट्टा बांधून बसण्याचा दिवा लागलेला. अर्धा तास लेकरू ओल्या कपड्यात बसले.

पण हे काहीच नव्हे. खरा प्रसंग दिल्लीला उतरल्यावर घडला. सामानाच्या सरकत्या पट्ट्याजवळ आम्ही उभ्या होतो. माझी बॅग समोरून येताना दिसली. ती पुढे निघून जाईल, परत मिळेल की नाही, या धास्तीने मी नातीचा हात सोडला आणि दोन्ही हातांनी बॅग ओढली. बॅग जड, पटकन उचलेना. ती खाली घेऊन वळून पाहते, तर नात जागेवर नाही!

त्या दोन मिनिटांचे वर्णन मी करू शकत नाही. चहूकडे माणसांचे पाय आणि सामानाच्या गाड्या. माझ्या घशातून आवाज फुटेना. तेवढ्यात फरशी पुसणारी एक बाई नातीला कडेवर घेऊन माझ्याकडे आली. लेकरू शेजारच्या पट्ट्यापर्यंत पोहोचले होते. फिरत्या बॅगांना हात लावायला निघाले होते. ती बाई रागावली नाही. एवढेच म्हणाली, "अम्मा, बैग तो घूमके फिर आएगी. बच्ची का हाथ मत छोड़ो." मी रडू लागले. तिनेच मला ट्रॉली आणून दिली, सामान चढवून दिले आणि ती आपल्या कामाला निघून गेली. तिचे नावही मी विचारले नाही, याची रुखरुख आजही आहे.

आता त्या सुनेला सांगितले ते सर्व भगिनींसाठी सांगते.

दोन वर्षांच्या आतील बाळाला वेगळी जागा मिळत नाही, मांडीवर घ्यावे लागते. तरी त्याचे तिकीट काढावेच लागते आणि वयाचा पुरावा म्हणून जन्मदाखला सोबत हवा. जाताना बाळ दोन वर्षांच्या आत असेल, पण परतीच्या आधी दोन पूर्ण होणार असतील, तर परतीला त्याची वेगळी जागा घ्यावी लागते. मांडीवरच्या बाळाला वेगळे सामान सगळ्याच कंपन्या देत नाहीत. तेव्हा तिकिटावर काय लिहिले आहे ते वाचा आणि घरीच वजन करा.

मोठी बॅग एकच करा आणि ती काउंटरवर देऊन टाका. बॅगेच्या मुठीला रंगीत चिंधी बांधा, म्हणजे लांबून ओळखू येते. हातात पिशवी नको, खांद्यावरून घसरणारी पर्सही नको. एकच पाठपिशवी घ्या, दोन्ही हात मोकळे राहतात. लहान बाळ असेल तर आपल्या आज्या शेतात जायच्या तसे झोळीत छातीशी बांधा. बाबागाडी असेल तर बहुतेक कंपन्या ती विमानाच्या दारापर्यंत नेऊ देतात आणि तेथे ठेवून घेतात. काउंटरवर तिला चिठ्ठी बांधून घ्यायला मात्र विसरू नका.

पाठपिशवीत काय असावे? डायपर किंवा लंगोट, घरून निघाल्यापासून पोहोचेपर्यंत लागतील त्याहून दोन जास्त. बाळाच्या कपड्यांचा एक जोड आणि आपला एक कुर्ता किंवा ब्लाऊज, कारण लेकरू आपल्याच अंगावर ओकते! दूध, पेज, औषध तपासणीतून नेऊ देतात, पण ते वरच ठेवा आणि वेगळे काढून दाखवा. सुरी, कात्री हातातल्या सामानात नको. मोबाईलची पॉवर बँक मात्र मोठ्या बॅगेत चालत नाही, ती हातातच ठेवायची. विमानात बसताच एक छोटी थैली पिशवीतून काढून समोरच्या खिशात ठेवा: एक डायपर, एक फ्रॉक, रुमाल, खाऊ, बाहुली. विमान चढताना आणि उतरताना बाळाला पाजा किंवा घोट घोट पाणी द्या, म्हणजे कानाला दडे बसत नाहीत.

कागदपत्रे आणि औषधे कधीही मोठ्या बॅगेत टाकू नका. आपल्याला हा धडा बाबासाहेबांच्या चरित्रातही सापडतो. १९१७ साली लंडनहून परतताना त्यांची पुस्तके दुसऱ्या जहाजाने येत होती. महायुद्धात ते जहाज बुडवले गेले आणि पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. जे भरून निघणार नाही, ते आपल्या अंगाजवळ असावे.

आणि उतरल्यावर आधी ट्रॉली घ्या, लेकराला धरा आणि पट्ट्यापासून दोन पावले मागे उभ्या राहा. बॅग निघून गेली तर जाऊ द्या. ती फिरून परत येते.

हे सारे सांगून झाल्यावर ती सून म्हणाली, "पण मावशी, तुम्ही कुणाला मदत का नाही मागितली?"

या प्रश्नाने मला विचारात पाडले. काउंटरवर सांगितले असते तर कोणीतरी सोबत दिले असते. शेजारच्या प्रवाशाला सॅक काढून द्या म्हटले असते तर त्याने दिली असती. मी तोंड का उघडले नाही?

मला माझी आई आठवली. ती दीक्षाभूमीला निघायची तेव्हा तीन दिवसांच्या भाकरी, चटणी आणि पाण्याची कळशी बांधून घ्यायची. वाटेत कोणाकडे काही मागायचे नाही, हा तिचा नियम. तो कोठून आला हे आपल्या वाचकांना सांगायला नको. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी १९०१ सालची हकीकत लिहिली आहे. तेही सुट्टीसाठीच निघाले होते! लहानगे भीमराव इतर मुलांसह वडिलांकडे जायला नवे कपडे घालून निघाले आणि मसूर स्टेशनवर सामानासह बसून राहिले. जात कळताच कोणी गाडीवान तयार होईना. दुप्पट भाडे देऊन गाडी मिळाली, तीही मुलांनीच हाकायची. डब्यात खाणे होते, पण रात्रभर पाणी मिळाले नाही. आपल्याच जिल्ह्यात दौलताबादच्या किल्ल्यावर १९३४ साली बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हौदाच्या पाण्यावरून शिवीगाळ सोसावी लागली. ज्यांनी हे भोगले, त्यांनी पाणीसुद्धा घरून बांधून नेले, यात नवल ते काय! आपले गाठोडे जड होते, कारण वाटेवर भरवसा नव्हता.

आज सगळे बदलले आहे असे मी म्हणत नाही. गावोगाव फिरताना पाणवठ्याच्या, रस्त्याच्या तक्रारी अजून कानावर येतात. पण घटनेच्या १५ व्या कलमाने सार्वजनिक जागी जातीवरून कोणाला अडवायला बंदी केली आहे. विमानतळावर आपण तिकीट काढून जातो, उपकार म्हणून नव्हे. तेथे मदत मागणे ही लाचारी नाही. तो आपला हक्क आहे.

तथागतांनी तराफ्याचा दृष्टान्त सांगितला आहे. नदी पार करायला माणसाने तराफा बांधला. पलीकडे गेल्यावर तो डोक्यावर घेऊन चालू लागला, तर त्याला शहाणा म्हणायचे का? तो दृष्टान्त धम्माविषयी आहे, पण मला तो आईच्या गाठोड्यालाही लागू वाटतो. त्या गाठोड्याने तिला पार नेले. त्याचा मान राखावा, पण ते डोक्यावर वागवत लेकराचा हात सोडू नये.

दिल्लीहून परतण्याच्या आदल्या दिवशी मी नातीला घेऊन २६, अलीपूर रोडला गेले. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले ते हे ठिकाण. तेथे संविधानाच्या पुस्तकाच्या आकाराचे स्मारक उभे आहे, ते २०१८ साली खुले झाले. सिव्हिल लाइन्सपर्यंत मेट्रोने गेलो. माझ्या पाठीवर एकच लहान पिशवी होती. मेट्रोच्या पायऱ्या उतरताना मी पुढच्या मुलीला म्हटले, "बेटी, जरा ये बॅग पकडो." तिने पटकन धरली. आयुष्यात पहिल्यांदा मी अनोळखी माणसाच्या हातात सामान दिले. माझे दोन्ही हात नातीला धरायला मोकळे झाले.

आमची सून दिवाळीत निघेल. तिची बॅग मी स्वतः तपासणार आहे. पीठ बेंगळुरूतही मिळते!

जय भीम!