मशेरीची डबी

मैत्रिणींनो, घरात कॅन्सरसारखं दुखणं आलं म्हणजे दातांचा विचार कोणाच्या डोक्यात येतो? माझ्याही आला नव्हता. मी आपली रक्ताचे रिपोर्ट, पैशांची जुळवाजुळव, शाळेतले माझे तीन तास आणि मुलांचे डबे यांत बुडालेली.

सासूबाईंना मल्टिपल मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेचा कॅन्सर झाला. त्यांच्याच मूळपेशी आधी काढून ठेवायच्या, मेल्फालान नावाचं जबर औषध द्यायचं आणि मग त्या पेशी शिरेतून परत सोडायच्या, असं ठरलं. तपासण्यांच्या यादीत दंतवैद्याचंही नाव होतं. "आईंचे दात ठणठणीत आहेत," मी सांगून मोकळी झाले.

आई गप्प. रात्री मी भांडी आवरत असताना हळूच म्हणाल्या, "अगं, उजवीकडची दाढ हलते. चार महिने झाले. मशेरी लावली की बरं वाटतं."

कोनाड्यातली ती डबी मला ठाऊक होती. जुनी सवय म्हणून मीच कानाडोळा केला होता. भाजलेली असली तरी मशेरी म्हणजे तंबाखूच की!

दंतवैद्यांनी नीट समजावलं. औषधानंतर पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर येतात. अशा वेळी एका किडक्या दाढेतले जंतू रक्तात शिरले तर जिवावर बेततं. आईंना हाडांसाठीची इंजेक्शनं सुरू होणार होती. तीही दात काढायच्या आतच सुरू झाली असती, तर जबड्याचं हाड भरून यायला त्रास झाला असता. दाढ काढली आणि जखम भरेपर्यंत सगळंच पुढे ढकललं. "माझ्यामुळे खोळंबा," म्हणून आई रडल्या. पण मी तरी कुठे विचारलं होतं?

मेल्फालान देताना नर्सबाईंनी त्यांना बर्फाचे खडे चघळायला दिले. गारठ्याने तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथं कमी पोचतं आणि तोंड कमी सोलतं. तरीही आठवड्याने थोडे फोड आलेच. पाण्याचा घोट गिळतानाही आईंच्या डोळ्यांत पाणी यायचं.

तेव्हा पाळलेली पथ्यं सांगते. ब्रश अगदी मऊ. प्लेटलेट्स कमी असतात, म्हणून हिरड्यांतून रक्त दिसलं की लगेच डॉक्टरांना विचारायचं. उकळून गार केलेल्या पेलाभर पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा घालून दर दोन-तीन तासांनी चूळ भरायची, गिळायचं नाही. अल्कोहोल असलेला माउथवॉश, दातकोरणी, चिवडा, तिखट, लिंबू बंद. कोमट गुरगुट्या भात आणि मुगाचं वरण चालतं. जिभेवर पांढरा थर किंवा अंगात ताप दिसला तर वेळ न घालवता कळवायचं. घरी आल्यावरही डॉक्टरांना विचारल्याशिवाय दाताला हात लावू द्यायचा नाही.

आता दीड वर्ष झालं. आई हिंडत्या-फिरत्या आहेत. डबी मी टाकून दिली, पण जेवणानंतर अजून त्यांचा हात कोनाड्याकडे जातो. मग आमची नजरानजर होते आणि दोघी हसतो.

तुमच्या घरी असं दुखणं असेल तर आजच विचारा, "दात दुखतोय का?" बायका पटकन सांगत नाहीत. उत्तर येईपर्यंत जवळ बसा.