रकाना रिकामाच राहू दे

एका ग्राहकाच्या सगळ्या लिनक्स मशीनची मोजदाद करायचं काम पुण्यातल्या आमच्या टीमकडे आलं. स्क्रिप्ट चालवायची आणि तक्ता भरायचा: प्रोसेसर कोणता, कोअर किती, वेग किती. इंटेलच्या सर्व्हरवर हे काम किरकोळ. ‘प्रॉक’खालची ‘सीपीयूइन्फो’ फाइल वाचली की ‘मॉडेल नेम’समोर कंपनी, मॉडेल, कधी गिगाहर्ट्झसुद्धा, सगळं आयतं मिळतं.

गाडी अडली ती रास्पबेरी पाय ४ वर. तिथे ६४-बिट कर्नल होता आणि ‘मॉडेल नेम’ ही ओळच नव्हती. ‘इम्प्लिमेंटर’समोर हेक्समध्ये ४१ आणि ‘पार्ट’समोर डी०८, बस. ४१ म्हणजे आस्कीतला ‘ए’, आर्म कंपनीचा. क्वालकॉमचा आकडा ५१, म्हणजे ‘क्यू’. ज्याने हे ठरवलं त्याला दाद द्यायला हवी. डी०८ म्हणजे कॉर्टेक्स-ए७२, पण हे नाव कर्नल देत नाही. ‘एलएससीपीयू’ ही कमांड ते आपल्याजवळच्या यादीत बघून सांगते. कमांड जुनी आणि चिप नवी असली, तर नुसता आकडा हाती येतो. त्यात त्याच फाइलच्या तळाशी ‘हार्डवेअर’समोर बीसीएम२८३५ छापलेलं. बोर्डावरची चिप बीसीएम२७११! पहिल्या पायच्या चिपचं नाव तसंच पुढे चालत आलेलं.

वेगाची तऱ्हा आणखी निराळी. पायवर ‘बोगोमिप्स’ १०८, शेजारच्या इंटेलवर हाच आकडा हजारांत. ग्राहकाकडच्या साहेबांनी लगेच विचारलं, “म्हणजे हे मशीन इतकं मंद?” तर १०८ ही टायमरच्या ५४ मेगाहर्ट्झची दुप्पट, कोअर धावतो १.५ गिगाहर्ट्झने. बोगोमिप्सचा रकाना मी त्याच दिवशी उडवला.

पॉवर८ च्या सर्व्हरवर एका कोअरला आठ थ्रेड असतात. ‘प्रोसेसर’ या ओळी मोजून कोअरचा हिशेब केला तर लायसन्सचं बिल आठपट फुगणार. आणि एसएमटी, म्हणजे एका कोअरवर अनेक थ्रेड चालवायची सोय, बंद केली, की चालू प्रोसेसरचे क्रमांक ०, ८, १६ असे उड्या मारत जातात. शेवटचा क्रमांक अधिक एक हा हिशेबही गेला. म्हणून मोजणी ‘सिस’मधल्या टोपोलॉजीच्या फाइलींवरून करायची ठरली. कोणता थ्रेड कोणाचा भावंड आहे, ते तिथे सरळ लिहिलेलं असतं.

टीममधल्या एकाचं म्हणणं, आर्मच्या काही व्हर्च्युअल मशीनवर वेग कुठेच मिळत नाही, तिथे कंपनीच्या माहितीपत्रकातला आकडा टाकू. मी नको म्हटलं. मशीनने जे सांगितलं ते एका रकान्यात जसंच्या तसं, आम्ही लावलेला अर्थ शेजारी, आणि मशीन गप्प असेल तर रकाना रिकामा. उद्या यादी सुधारली तर मूळ आकड्यावरून नाव पुन्हा काढता येईल. अंदाजाने भरलेला आकडा मात्र खऱ्यात मिसळला की वेगळा काढता येत नाही.

एवढं बसवल्यावर ग्राहकाने कोअर आय७-१२७०० चे डेस्कटॉप जोडले. कोअर बारा, थ्रेड वीस, कारण त्यातल्या आठच कोअरना दोन थ्रेड. ‘एका कोअरला थ्रेड किती’ या रकान्यात आता एक आकडा मावेना. इतके दिवस ज्या इंटेलच्या भरवशावर तक्ता आखला होता, त्याच्यासाठीच शेवटी एका मशीनच्या दोन ओळी कराव्या लागल्या. लेखा विभागाने विचारलं, “मशीन एक, मग ओळी दोन कशा?”