झिरोची वही, भाग तिसरा : चुकीच्या मोसमात

दिवस सहावा

नाहरलगूनपासून झिरो शंभर किलोमीटरच्या थोडं वर. कंबरेला विचाराल तर दुप्पट. सुमोत मागचा बाक मिळाला आणि मांडीवर कुणाचं तरी पोतं. पोतीन गेलं, याझाली गेलं, मग एका वळणावर डोंगर बाजूला सरले आणि खाली पाण्यानं भरलेलं सपाट खोरं पसरलेलं दिसलं. दीड हजार मीटर उंचीवर इतकी सपाट जमीन बघायची डोळ्यांना सवय नव्हती. खाचरांत माणूस कुठे दिसेना. दिसत होत्या त्या टोप्या. पालथ्या टोपल्यांसारख्या, पिवळट, मुंगीच्या चालीनं सरकणाऱ्या.

त्या टोप्यांसाठीच तर आले होते. बांबूची टोपी विणताना बघायची, जमलं तर एक घेऊन यायची, एवढाच बेत.

दिवस सातवा, होंग

घरमालकीण ताई पहाटेच शेतावर निघाली. ती मला दीदी म्हणते, मी तिला दीदी म्हणते. वय दोघींनीही विचारलेलं नाही. इथल्या आपातानी लोकांच्या भाषेत या पाणथळ भातशेताला ‘आजी’ म्हणतात. आजीला नमस्कार करून मी बांधावर उभी राहिले.

इथे नांगर नाही, बैलही नाही. सगळं कुदळ आणि हात. १९४४ साली फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा मानववंशशास्त्रज्ञ या खोऱ्यात आला, तेव्हाही जनावर न जुंपता केलेल्या या शेतीनं त्याला चकित केलं होतं. बांधावर नाचणी लावलेली, खाचराच्या मधोमध चर, आणि चरात कार्प माशांची पिल्लं. भाताबरोबर मासे पाळायची पद्धत इथे १९६०च्या दशकात रुळली. पाणी उपसायचं झालं की मासे त्या चरात गोळा होतात. एका खाचरात तीन पिकं बघून माझ्यातली कोकणी जागी झाली.

नऊच्या सुमारास पाऊस आला. मी छत्री उघडली. बायकांनी मान वर करून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा निंदायला लागल्या. टोपी डोक्यावर होतीच. तिची खुबी मला तेव्हा दिसली. उभ्या माणसाला ती नुसतीच रुंद आणि बोजड वाटते. वाकलं की मागची कड मानेवर येते, पाणी खांद्यावरून बाजूला पडतं, आणि दोन्ही हात मोकळे. आपल्या इरल्याचंही हेच गणित. फरक इतकाच की इरलं डोक्यापासून पाठीपर्यंत सगळंच झाकतं, त्यामुळे आतून कासवासारखं वाटतं. लहानपणी मी ते एकदा घालून पाहिलं होतं. कांब्यांची चौकट, वर पळसाची पानं, आत ओल्या पाल्याचा वास. हल्ली आमच्याकडे त्या चौकटीवर प्लास्टिक ताणतात. इथेही प्लास्टिक आलंय. त्या शेतातल्या सहा बायकांपैकी दोघींच्या अंगावर निळा कागद होता.

दिवस आठवा, हापोली

बाजार. कापडी टोप्या, क्रिकेटवाल्या टोप्या, गमबूट. एका दुकानात भिंतीवर लाल टिकल्यांची जापी टांगलेली. ती आसामची आणि दिवाणखान्यासाठी केलेली. शेतातली टोपी एकाही दुकानात नाही. दुकानदारीण म्हणाली, ती विकत कोण घेणार, ती तर घरी असते.

दिवसभर पाऊस. छत्रीची एक काडी मोडली.

दिवस नववा, हारी

ताईच्या ओळखीचे एक आजोबा टोप्या करतात, म्हणून गेलो. चुलीपाशी बसले होते. मी येण्याचं कारण सांगितलं, ताईनं ते आपल्या भाषेत पुन्हा सांगितलं, आणि दोघंही हसले. आजोबा हिंदीत म्हणाले, “दीदी, आप गलत टाइम में आया.”

बांबू तोडतात पावसाळा सरल्यावर, थंडीच्या तोंडाशी. तेव्हा त्यात गोडवा कमी असतो, भुंगा लागत नाही. विणकामही तेव्हाच, कारण कापणी झालेली असते आणि हात रिकामे असतात. जूनमध्ये टोपी घालायची असते. मी मुंबईहून निघताना पावसाळी टोपी पावसाळ्यात बघावी असा हुशार विचार केला होता.

माझा चेहरा पाहून असेल, ते उठले आणि मागच्या बनात घेऊन गेले. हा बांबू लावलेला, राखलेला, कुंपण घातलेला. घराघराचं आपलं बन. त्याला ‘बिजे’ म्हणतात. पूर्वज या खोऱ्यात येताना तो बरोबर घेऊन आले, असं इथले लोक सांगतात. आपल्या माणग्यासारखं गच्च बेट होत नाही त्याचं. मुळं जमिनीखालून धावतात आणि काठ्या सुट्यासुट्या उभ्या राहतात, म्हणून आत शिरून हवी तीच तोडता येते. आजोबांनी चार काठ्यांवर टिचक्या मारल्या आणि एकीपाशी थांबून म्हणाले, ही डिसेंबरची. मला चारही सारख्याच वाटल्या.

घरात त्यांच्या स्वतःच्या टोपीची कड उसवली होती. चुलीवरच्या मांडवातून धुरानं तपकिरी झालेली एक कांब त्यांनी काढली, पाण्यात बुडवली, आणि दावच्या पात्यावर अंगठा टेकवून तिचे चिरत चिरत दोन, मग चार धागे केले. एवढा मोठा कोयता आणि काम सुईचं! जुन्या विणीतून नवा धागा एकावर एक आड घालत गेले. नवी कांब आणि जुनी टोपी यांचा रंग एकच होता, दोन्ही त्याच धुरातल्या. वीस मिनिटांत कड पुरी झाली. टोपी विणताना पाहायची हौस तेवढ्यावर भागवली.

शेवटी धीर करून विचारलं, ही विकाल का?

“फिर मैं क्या पहनेगा?”

उत्तर नव्हतं. त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि खाचराची मोरी तुंबली का ते बघायला निघाले. पाणी चढलं तर मासे शेजारच्याकडे जातात आणि मग भांडणं. ताई म्हणाली, ५ जुलैच्या द्रीच्या सणापर्यंत राहा, काकडी खायला मिळेल. आजोबा वळून म्हणाले, काकडीचं सोडा, डिसेंबरात या.

परत येताना छत्री मिटूनच चालले. बांध निसरडा होता, कडेला नाचणीची कोवळी रोपं, आणि दोन्ही हात लागत होते.

(क्रमशः)