लाल दिवा कुठे लागलाय?

मुळशीच्या पावसात दोन वाक्यं सारखी कानावर पडतात. एक ‘लाईट गेली’ आणि दुसरं ‘नेट गेलं’. पहिल्या वाक्याचं काय करायचं ते आम्हाला पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. दुसऱ्याचं करायला मी निवृत्तीनंतर शिकले, आणि शिकताना फार आनंद झाला, म्हणून हे लिहिते आहे.

आमचं घर पौडच्या पुढे, धरणाच्या कडेने ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत. याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला हिंजवडी आहे, तिथे जगभरच्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर लिहिलं जातं. आमच्याकडे मात्र डोंगर आडवा येतो. 2020 च्या टाळेबंदीत पुतणीची शाळा मोबाईलवर भरू लागली, तेव्हा ती पोर छत्री घेऊन टेकाडावर बसायची, कारण रेंज तिथेच यायची. पुढे गावात फायबरची वायर आली. माजघरात दोन डबे बसले, त्यांवर दिवे लुकलुकू लागले, आणि सगळ्या घराने त्या दोन्ही डब्यांना मिळून ‘वायफाय’ म्हणायला सुरुवात केली.

मी शाळेत विज्ञान शिकवलं आहे. न समजलेली वस्तू घरात लुकलुकत असली की मला चैन पडत नाही. लाईन सारखी तुटते म्हणून एकदा दुरुस्तीला मुलगा आला. त्याने हातातल्या छोट्या मीटरवर आकडा बघितला आणि म्हणाला, “काकू, पॉवर माइनस अठ्ठावीस येतेय, कशी टिकणार लाईन?” मी त्याला चहा दिला आणि तो आकडा म्हणजे काय ते सांग म्हटलं.

माप डीबीएमचं. शून्य म्हणजे एक मिलीवॅट. दहाने खाली गेलं की प्रकाश दहावा भाग उरतो, म्हणजे माइनस 20 हा मिलीवॅटचा शंभरावा भाग आणि माइनस 30 हजारावा. घरातला पहिला डबा, ज्याला ही मुलं ओएनयू म्हणतात, तो काचेच्या धाग्यातून आलेल्या प्रकाशाचं विजेच्या संदेशात रूपांतर करतो. साधारण माइनस 27 च्या खाली त्याला तो प्रकाश नीट वाचता येत नाही. आणि प्रकाश मुळातच वाटून आलेला असतो. खांबावरच्या डब्यात एका धाग्याच्या 32 वाटा केल्या असतील, तर तो पाच वेळा निम्मा झाला. दर निम्म्याला 3 धरले तर नुसत्या वाटपात 15 गेले. मी वहीच्या पानावर हे गणित मांडलं तेव्हा तो मुलगाही वाकून बघत होता. ज्यांनी पहिल्यांदा जोडणी केली होती त्यांनी वायर चौकटीच्या खिळ्याला घट्ट गुंडाळली होती. काचेचा धागा फार वाकवला की वळणावर प्रकाश बाहेर निसटतो. त्याने ती सोडवून सैल, रुंद वेटोळं केलं आणि मीटर माइनस 21 वर आला. इतका सुंदर प्रयोग मला शाळेत कधी दाखवता आला नव्हता.

दुसरा डबा राउटर. घरातल्या प्रत्येक यंत्राला तो एक पत्ता देतो, 192.168 ने सुरू होणारा. हेच आकडे शेजारच्या घरातही असतात आणि पुण्यातल्या लाखो घरांतही. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात एकूण 429 कोटींच्या आसपासच. ते पुरणार नाहीत हे ओळखून 1996 मध्ये काही आकडे फक्त खासगी जाळ्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवल्याचं पक्कं झालं. गावात पूर्वी मुंबईहून येणारं पत्र घरातल्या थोरल्याच्या नावाने यायचं आणि आत कुणाचं काय ते तोच वाटायचा. राउटर तेच काम करतो. बाहेरच्या जगाला आमचं एकच दार दिसतं. कुठली मागणी पुतणीच्या लॅपटॉपची आणि कुठली दिरांच्या फोनची, याची नोंद तो ठेवतो आणि आलेलं उत्तर बरोबर त्याच्याकडे धाडतो.

यातूनच मला सगळ्यात मोलाची गोष्ट कळली. घरातलं जाळं वेगळं आणि इंटरनेट वेगळं. बाहेरची लाईन तुटली तरी लॅपटॉपवरून प्रिंटरवर कागद निघतो, कारण ती वाट घरातल्या घरात आहे. वायफाय तर याहूनही वेगळं, तो राउटरपासून हातातल्या फोनपर्यंतचा फक्त शेवटचा, हवेतला टप्पा. ‘नेट गेलं’ म्हणताना आपण या तिन्हींचं एकच गाठोडं बांधतो आणि मग डबा बंद-चालू करत बसतो.

आमच्याकडे अडचण हवेतल्या टप्प्याचीही होती. घराच्या भिंती काळ्या दगडाच्या, हात-दीड हात जाड, आणि पावसाच्या बाजूने पत्रे ठोकलेले. पत्र्यावरून रेडिओलहरी परतवल्या जातात, दगडात त्या विरतात. राउटरचे 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे असतात. पाचाचा वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हरणारा. माजघरात तो उत्तम चालायचा आणि पडवीत नावसुद्धा दिसायचं नाही. उपाय म्हणून पुष्कळजण जास्त अँटेनांचा राउटर आणतात. माझं मत ठाम आहे: दगडी घरात वायर ओढावी. आम्ही माळ्यावरून लॅनची, म्हणजे घरातल्या जाळ्याची, वायर पडवीपर्यंत नेली आणि तिथे वायफाय सोडणारा ॲक्सेस पॉइंट लावला. पाच पोर्टचा छोटा स्विचही घेतला. कुठल्या पोर्टला कोणतं यंत्र आहे हे तो स्वतः ओळखतो आणि माहिती तेवढ्याच वायरीत सोडतो.

लॅनच्या वायरीत आठ तारा, चार जोड्या, प्रत्येक जोडी पिळलेली. पीळ कशासाठी? बाहेरचा विजेचा गोंधळ दोन्ही तारांत सारखाच शिरतो, आणि पलीकडचं यंत्र दोघींतला फरक तेवढाच वाचत असल्यामुळे तो आपोआप वजा होतो. पुतणीने आणि मी टोकाचं क्रिंपिंग, म्हणजे तारा प्लगमध्ये दाबून बसवणं, शिकून घेतलं: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तिला आता हा क्रम झोपेत विचारला तरी सांगता येतो.

लाईट जाण्याचं काय? मुळशीचं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजगृहात उतरतं आणि वीज होऊन मुंबईला जाते. ज्यांची जमीन या पाण्याखाली गेली त्यांनी सेनापती बापटांबरोबर 1921 पासून सत्याग्रह केला. धरणाकाठच्या आम्हा लोकांची वीज मात्र झाड पडलं की गुल. पण फायबरच्या वाटेवर खांबावरच्या त्या वाटणीच्या डब्याला वीज लागतच नाही. कंपनीच्या टोकाला वीज असली आणि घरातले दोन डबे चालू असले की पुरे. हे कळल्यावर मी दोन्ही डब्यांसाठी 12 व्होल्टचा छोटा यूपीएस घेतला. आता गाव अंधारात असतानाही पुतणीचा वर्ग चालू राहतो, आणि शेजारच्या मुली परीक्षेच्या दिवसांत आमच्या पडवीत येऊन बसतात.

तक्रारीचा फोनही आता वेगळा होतो. मी सांगते, “ओएनयूवर एलओएसचा दिवा लाल आहे, म्हणजे प्रकाशच येत नाहीये; पॉनचा, म्हणजे जोडणीचा, बंद आहे, घरात प्रिंटर चालतोय.” मग ते डबा बंद-चालू करायला सांगत नाहीत, धागा जोडायचं मशीन घेऊनच माणूस निघतो, आणि वाटेतच वायरीवर पडलेली फांदी शोधतो.

आता दिरांना गोठ्यावर कॅमेरा हवाय. अंतर शंभर मीटरच्या आत आहे, म्हणजे तांब्याची लॅन वायर पोचेल. तरी ती नको असं मी सांगितलं आहे. वळवाच्या विजा इथे फार पडतात, आणि दोन इमारतींमधली उघड्यावरची तांब्याची तार तो झटका थेट घरातल्या यंत्रांपर्यंत आणू शकते. काच वीज वाहत नाही. म्हणून आत लोखंडी तार नसलेली फायबर आणि दोन्ही टोकांना प्रकाश आणि विजेचे संदेश एकमेकांत बदलणारे मीडिया कन्व्हर्टर, असं ठरलं आहे. चर दिवाळीनंतर खणायचा, जमीन जरा वाळली की.