वाळवंटातलं चाकांवरचं गाव आणि रुसलेला जॅक

अमेरिकेची सहल म्हटली की नायगारा, न्यूयॉर्क, ग्रँड कॅनियन ही नावं चटकन ओठांवर येतात. क्वार्टझ्साइट हे नाव मात्र तुम्ही बहुधा ऐकलंही नसेल. ॲरिझोना राज्याच्या पश्चिम टोकाला, कॅलिफोर्नियाच्या सीमेपासून अर्ध्या तासाच्या आत हे छोटंसं गाव आहे. 2020च्या जनगणनेत इथली लोकसंख्या अडीच हजारही भरली नव्हती. पण तुम्ही जानेवारीत आलात तर या आकड्यावर विश्वास बसणार नाही. जिकडे बघाल तिकडे पांढरे ट्रेलर, मोटारहोम, त्यांच्यासमोर अंथरलेल्या चटया आणि फोल्डिंगच्या खुर्च्यांवर ऊन खात बसलेले आजी-आजोबा!

उत्तरेकडची राज्यं आणि कॅनडा बर्फाखाली गाडले गेले की तिथले निवृत्त लोक घर चाकांवर घालून इकडे येतात. त्यांना ‘स्नोबर्ड’ म्हणतात. गावाच्या दक्षिणेला ला पोसा नावाचा मोठा माळ आहे. ही सरकारी जमीन. 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल या काळात परवाना काढून तिथे महिनोन्‌महिने राहता येतं. विजेचं कनेक्शन मात्र मिळत नाही. बॅटरी, सोलर पॅनल किंवा जनरेटर, जे काय असेल ते आपलं आपण बघायचं. जानेवारीत दिवसा हवा छान उबदार असते, रात्री मात्र पारा पाच-सहा अंशांवर येतो. स्वेटर विसरू नका.

फिनिक्सहून इथे यायला साधारण दोन तास लागतात. तिथे राहणारी माझी मावशी, काका, माझी आजी आणि मी असे चौघं भाड्याचा ट्रेलर घेऊन चार दिवसांसाठी निघालो होतो. ट्रेलरला स्वतःचं इंजिन नसतं. पिकअप ट्रकच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर त्याचं नाक अडकवायचं आणि ओढत न्यायचं. मुक्कामी पोहोचलं की नाकापाशी उभा असलेला जॅक खाली सोडायचा, भार त्याच्यावर घ्यायचा आणि ट्रक मोकळा करायचा. हल्ली बहुतेक ठिकाणी हा जॅक विजेवर चालतो. बटण दाबलं की 12 व्होल्टची छोटी मोटार आतला लांब स्क्रू फिरवते आणि ट्रेलरचं नाक वरखाली होतं.

आता तुम्ही म्हणाल, थोडंसं वाकडं राहिलं तर बिघडलं काय? झोपताना डोक्याकडे उतार आला की पहिल्याच रात्री कळतं. बेसिनचं पाणी जात नाही, दार आपोआप उघडतं. पण खरी काळजी फ्रीजची. जुन्या पद्धतीच्या ट्रेलरमधल्या फ्रीजला कॉम्प्रेसर नसतो. गॅसच्या ज्योतीवर अमोनियाचं द्रावण तापवून तो थंडावा तयार करतो आणि ते द्रावण स्वतःच्या वजनाने खाली उतरावं लागतं. ट्रेलर फार कललेला असेल तर ते मध्येच अडतं आणि तसाच चालवत राहिल्यास फ्रीज कायमचा बाद होऊ शकतो. नव्या ट्रेलरमध्ये कॉम्प्रेसरचे फ्रीज येऊ लागले आहेत, त्यांना उताराचा एवढा त्रास नाही. आमचा फ्रीज जुन्या पद्धतीचा होता आणि त्यात आजीची न उघडलेली इन्सुलिनची पेन होती.

ट्रेलर सपाट करण्याचा एक क्रम असतो. आधी डावी-उजवी बाजू. गवंडी वापरतात तशी पाणसळ जमिनीवर ठेवून बघायचं आणि खालच्या बाजूच्या चाकांखाली फळ्या घालायच्या. मग चाकांना पुढून-मागून ठोकळे लावायचे. त्यानंतर पुढच्या जॅकने नाक वरखाली करायचं. चारी कोपऱ्यांवरचे आधार सर्वात शेवटी. ते फक्त हेलकावे थांबवण्यासाठी असतात, त्यांनी ट्रेलर उचलायचा नसतो.

पहिल्या दोन पायऱ्या काकांनी झोकात पार पाडल्या. मग बटण दाबलं. जॅकवरचा छोटा दिवा लागला, आत ‘टक्’ आवाज झाला आणि सगळं शांत. पुन्हा दाबलं, पुन्हा ‘टक्’. अशा वेळी डोक्यावरचं झाकण काढून जॅक हाताने फिरवता येतो, पण त्याचा दांडा भाड्याच्या ट्रेलरमध्ये नव्हताच. शनिवारची संध्याकाळ होती. मेकॅनिकला फोन केला तर त्याने मंगळवार सांगितला आणि बहुधा अख्खा जॅक बदलावा लागेल, असंही ऐकवलं. म्हणजे तोवर ट्रक ट्रेलरला जखडलेला, फ्रीज बंद आणि सामान आणायला गावात जायचं तर पायी!

काका मोबाइलवर नव्या जॅकच्या किमती बघू लागले. तेवढ्यात शेजारच्या ट्रेलरमधल्या कॅनडाच्या आजी बाहेर आल्या. सत्तरी ओलांडलेली, पायात रबरी चपला, हातात मल्टिमीटर. ‘‘दिवा लागतोय ना? मग मोटारला एवढ्यात मारू नका,’’ त्या म्हणाल्या. मावशीने त्यांच्याकडून मीटर घेतला. नाशिकला असताना तिने घरचा मिक्सर स्वतः उघडून दुरुस्त केलेला मी लहानपणी पाहिला आहे, त्यामुळे मला आश्चर्य वाटलं नाही. जॅक, नट-बोल्ट ही पुरुषांची कामं, ही समजूत या माळावर फार टिकत नाही. इथे एकट्या राहणाऱ्या कितीतरी बायका छतावर चढून सोलर पॅनल पुसताना दिसतात.

मावशीने जे केलं ते नीट सांगते, कारण तुमच्याही उपयोगी पडेल. पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. आमची 12.5 होती, म्हणजे ठीक. मग जॅकच्या तारेतला 30 अँपिअरचा फ्यूज काढून पाहिला, तोही शाबूत. बॅटरीतून जॅककडे जाणारा रस्ता बरा होता. राहिला परतीचा रस्ता. बऱ्याच जॅकना परतीची वेगळी तार नसते. तीन बोल्टनी जॅक ट्रेलरच्या सांगाड्यावर बसवलेला असतो आणि प्रवाह त्या लोखंडातूनच बॅटरीकडे परततो. आपल्याकडचे गॅरेजवाले याला ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. बोल्टखाली गंज किंवा रंगाचा थर आला की हा रस्ता अरुंद होतो. दिव्याला लागतो तेवढा बारीकसा प्रवाह त्यातून जातो, पण मोटारला 20 अँपिअर हवे असतील आणि वाटेत अर्ध्या ओहमचाही अडथळा असेल, तर जवळपास निम्मं व्होल्टेज तिथेच संपतं.

याची परीक्षा सोपी आहे. गाडी ढकलस्टार्ट करायची वेळ टाळण्यासाठी आपण जी जंपर केबल ठेवतो, तिचं एक टोक जॅकच्या उघड्या लोखंडाला आणि दुसरं बॅटरीच्या ऋण टोकाला लावायचं. धन टोकाला चुकूनही नाही. गॅसचे सिलिंडर तिथेच शेजारी असतात, म्हणून आधी ते बंद करा, चिमटे पक्के लावा आणि मगच बटण दाबा.

मावशीने बटण दाबलं. जॅक घुर्र करत खाली आला! काकांनी मोबाइल खिशात ठेवला.

पुढचं काम अर्ध्या-पाऊण तासाचं. ट्रेलरचं नाक ट्रकवरच होतं, त्यामुळे जॅकवर भार नव्हता. असा भार दुसरीकडे घेतल्याशिवाय जॅकचा एकही बोल्ट सैल करायचा नाही आणि नाकाखाली तर कधीच शिरायचं नाही. साध्या मध्यम ट्रेलरच्या नाकावरसुद्धा दोन-तीनशे किलो वजन असतं. बॅटरीची तार सोडवून मावशीने एक बोल्ट काढला. खाली लालसर गंज आणि कारखान्यातला काळा रंग. वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने ती जागा चकचकीत होईपर्यंत घासली, शेजारच्या आजींच्या डब्यातला दातेरी वॉशर घातला, बोल्ट आवळला आणि वरून ग्रीसचं बोट फिरवलं. दातेरी वॉशर लोखंडात रुततो, त्यामुळे संपर्क पक्का राहतो. केबल काढून बटण दाबलं, नाक सावकाश वर उचललं गेलं आणि पाणसळीतला बुडबुडा मधोमध आला. आजीने सर्वात आधी काय विचारलं असेल? ‘‘फ्रीज लावला का गं?’’

दुसऱ्या दिवशी मोकळ्या झालेल्या ट्रकने आम्ही गाव पाहिलं. जानेवारीत इथे रत्नं आणि खनिजांचे बाजार भरतात, शिवाय चाकांवरच्या घरांचं मोठं प्रदर्शनही असतं. मला आवडली ती हाय जॉलीची कबर. अमेरिकी सैन्याने 1856 मध्ये वाळवंटात ओझी वाहायला उंट आणले, त्यांच्याबरोबर आलेल्यांपैकी हा हाजी अली. स्थानिकांच्या जिभेवर त्याचा ‘हाय जॉली’ झाला. उंटांचा प्रयोग काही वर्षांत गुंडाळला गेला, तो मात्र इथेच राहिला आणि 1902 मध्ये वारला. 1935 साली त्याच्या कबरीवर दगडी पिरॅमिड उभारला. त्याच्या टोकावर धातूचा उंट आहे.

तुम्हीही ट्रेलर भाड्याने घेणार असाल तर ताबा घेतानाच जॅक दोनदा वरखाली करून बघा, हाताने फिरवायचा दांडा मागून घ्या आणि तो जॅकवर नीट बसतो का तेही तपासा. आम्ही शेजारच्या आजींना वॉशरचे पैसे देऊ केले तर त्यांनी घेतले नाहीत. मावशीने त्यांना थालीपीठ करून दिलं. रविवारी सकाळी त्या पुन्हा दारात, भाजणीत काय काय घालतात ते लिहून घ्यायला वही घेऊन.